सातुकाचं छोटं टेबल

सातुका कोल्के या बाईशी माझं पहिलं बोलणं झालं ते भांडणच होतं. मी ओरुरो शहरातल्या एका इस्पितळात पलंगावर पडलो होतो. इस्पितळाचं नाव घेत नाही, अजून तिथेच जावं लागतं मला. हातात रक्ताने माखलेला रुमाल होता. ठेंगणी, रुंद खांद्यांची, दोन्ही वेण्या हिरव्या टोपीखाली कोंबलेली ही नर्स आली, माझ्या पायांवरचं कांबळं तिने खस्सकन ओढलं आणि म्हणाली, "मोजे काढा."

"आजार छातीत आहे, बाई."

"छाती डॉक्टरांची. पाय माझे. काढा."

मी काढले. सव्वीस वर्षं उआनुनीच्या कथिलाच्या खाणीत ड्रिल चालवलेला माणूस मी, फाउस्तिनो आयाविरी. संपात पोलिसांसमोर छाती काढून उभा राहिलेलो. पण या बाईपुढे मोजे काढून लहान मुलासारखा अंगठे हलवत बसलो. उजवा, डावा, परत उजवा. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. जाताना कांबळंसुद्धा नीट घातलं नाही.

दगडाची धूळ फुप्फुसात बसते, मग क्षय येतो, क्षय जातो आणि आत भोकं ठेवून जातो. आमच्या डोंगरावर हे कुणाला सांगावं लागत नाही. एका सकाळी खोकला येतो आणि घमेलं भरतं. माझा बाप असाच गेला, एका सकाळीत आणि एका घमेल्यात. आता त्यावर इलाज निघालाय. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर सरकवत नेतात, ज्या वाहिनीतून रक्त गळतंय तिथपर्यंत. मग नळीतून वाळूहून बारीक दाणे सोडतात. दाणे अडकतात, वाहिनी बुजते, रक्त थांबतं. डॉक्टर उरिओस्ते यांनी मला हे दोन मिनिटांत सांगितलं, सही घेतली आणि गेले.

उरलेलं सातुकाने सांगितलं. दुपारी ती परत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि न विचारता बोलायला लागली.

"छातीतल्या त्या वाहिनीच्या आसपास कुणाकुणाच्यात एक केसाएवढी वाहिनी असते. ती पाठीच्या कण्यात जाते. तिच्यात दाणे गेले की छाती बरी होते आणि कमरेखालचं मरतं. कायमचं."

"माझ्यात आहे का तो केस?"

"ते टेबलावर गेल्यावर फोटोत दिसेल. कधी दिसतो, कधी लपतो."

"मग हे मला कशाला सांगताय? झोप उडवायला?"

"पाय तुमचे आहेत म्हणून."

"सकाळी तर म्हणालात, पाय माझे!"

"टेबलावर असेपर्यंत माझे," ती उठत म्हणाली. "चालत घरी गेलात की तुमचे."

तिची आई आमच्याच डोंगराच्या उतारावर, खाणीने फेकलेल्या दगडांतून हातोडीने कथिल वेचायची. सातुका एकोणिसाव्या वर्षी त्या इस्पितळात फरशी पुसायला लागली. पुसता पुसता शिकली, परीक्षा दिल्या आणि नर्स झाली. नळी घालायच्या त्या खोलीत तिला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. सगळे तिला मानाने दोन्या सातुका म्हणत आणि पाठ वळली की हसत. हसायचं कारण म्हणजे तिचा थेंब.

आम्ही काहीही प्यायच्या आधी पहिला थेंब जमिनीवर सांडतो, पाचामामाला, धरणीमातेला. खाणीत असलो तर जमिनीखालच्या मालकाला, तीओ नावाच्या आमच्या मातीच्या देवाला. सातुका त्या खोलीत दर वेळी सिरिंज नळीला जोडताना तेच करायची. सिरिंजच्या तोंडाशी पाणी फुगू द्यायचं, नळीच्या तोंडाशी फुगू द्यायचं, थेंबाला थेंब भिडवायचा आणि मगच आटे फिरवायचे. चार थेंब खाली पडायचे. मध्ये हवा राहिली आणि बुडबुडा आत गेला, तर तोही कुठेतरी जाऊन रक्ताची वाट अडवतो, म्हणून हे सगळं. दिवसात शंभर वेळा जोडणी, शंभर वेळा थेंब. कितीही घाई असो.

उरिओस्ते हे ला पाझ शहरातून नुकतेच आले होते, परदेशात शिकलेले, हाताने चपळ. माझ्यादेखत त्यांनी तिला टोमणा मारला, "दोन्या सातुका, पाचामामाचं पोट भरलं असेल तर आपण सुरू करायचं का?"

"पाचामामाला नाही देत, डॉक्टर, हवा काढते," ती मान वर न करता म्हणाली. "फुकटात तिलाही मिळत असेल तर तुमच्या बापाचं काय जातं?"

दुसरं खूळ म्हणजे तिचं छोटं टेबल. दाण्यांची वाटी बाकी साहित्याच्या मोठ्या टेबलावर कधीच नसायची. तिला चाकांचं वेगळं छोटं टेबल, त्यावर वेगळ्या लहान सिरिंजा, लाल पट्ट्या लावलेल्या. तिथली सिरिंज इकडे येणार नाही, इकडची तिकडे जाणार नाही. त्या टेबलाला ज्याचा हात लागला त्याने हातमोजे बदलायचे, मग तो डॉक्टर असो की खुद्द बिशप. उरिओस्ते यांना हा निव्वळ वेळेचा खेळखंडोबा वाटायचा.

हे टेबल कुठून आलं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. अकरा वर्षांपूर्वी तिथे इलारिओन नावाचा लॉरी ड्रायव्हर टेबलावर होता आणि डॉक्टर दुसरे होते. घाईत दाण्यांची सिरिंज स्वच्छ पाण्याच्या वाटीत बुडली. पाणी जरासं गढूळ झालं. त्याच पाण्याने नळी धुतली गेली, आणि तेव्हा नळीचं तोंड भलत्याच जागी, कण्यात जाणाऱ्या केसापाशी होतं. सातुकाने गढूळ पाणी पाहिलं होतं. ती बोलली नाही. त्या दिवशी तिला दोनदा "तोंड बंद ठेवा" म्हणून झालं होतं. इलारिओन परत उभा राहिला नाही.

तेव्हापासून दर रविवारी ती त्याच्याकडे जाते. दोघं फासे खेळतात आणि ती नेहमी हरते.

"त्याला माहीत आहे?" मी विचारलं होतं.

"पहिल्याच रविवारी सांगितलं. फाशांचा प्याला फेकून मारला त्याने, इथे, भुवईवर लागला. पुढच्या रविवारी गेले तर म्हणाला, बस, डाव मांड."

आता माझा मंगळवार. सकाळचे नऊ. टेबल उआनुनीच्या हिवाळ्याइतकं गार. मला झोपवत नाहीत, फक्त जांघेत सुई टोचून बधिर करतात, कारण माणूस जागा हवा. उरिओस्ते यांच्या हाताबद्दल खोटं बोलणार नाही. नळी वर गेली ते मला कळलंही नाही. त्यांनी रंग सोडून फोटो घेतला, पडद्यावर माझ्या छातीतल्या वाहिन्या वेलीसारख्या उमटल्या. केस कुठे दिसला नाही. "स्वच्छ आहे," ते म्हणाले आणि दाणे सुरू झाले.

थोडे दाणे, थांबायचं. "उजवा अंगठा," सातुका माझ्या पायाशी उभी राहून हुकूम सोडायची. "डावा अंगठा." परत थोडे दाणे, परत अंगठे. आठव्या की नवव्या वेळी मी वैतागलो.

"बाई, मी काय इथे नाचायला आलोय?"

"नाचता येतंय तोवर नाचा."

आणि मग डाव्या पायात मुंग्या आल्या. आधी तळव्याला, मग पोटरीला, मग पाय जड व्हायला लागला, कुणी ओली माती भरतंय असा.

नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी, उस्ताद म्हणावं तशा मानाने, विचारलं, "माएस्त्रो, कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "सगळं ठीक."

का म्हटलं? मला आजही माझा राग येतो. पण आमच्यात दुसरं उत्तरच नाही. आमच्या पाळीतल्या सेवेरीनोचा हात दगड वाहायच्या डब्याखाली सापडला होता, तेव्हा तो म्हणाला होता, "ठीक आहे, जरा ढकला." माझा बाप घमेल्यात रक्त ओकत आईला म्हणाला होता, "ठीक आहे, चहा ठेव." दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला खाणीत हसतात. म्हणून आम्ही ठीक म्हणतो आणि ठीक ठीक म्हणत मरतो.

"बघा, ठीक आहे म्हणतायत," उरिओस्ते म्हणाले. "पुढची सिरिंज द्या."

"डावा अंगठा," सातुका म्हणाली.

मी हलवला. निदान मला तसं वाटलं.

"हलला," मी म्हटलं.

"नाही हलला."

"हलला म्हणतोय ना मी!"

"मी डोळ्यांनी बघतेय ना!"

"दोन्या सातुका, सिरिंज," डॉक्टरांनी हात पुढे केला.

"नाही देत. आधी परत फोटो घ्या."

"वीस मिनिटांपूर्वी घेतलाय. स्वच्छ होता."

"वीस मिनिटांपूर्वी वाहिन्या उघड्या होत्या. आता तुम्ही अर्ध्या बुजवल्यात. बोगदा बुजवला की पाणी दुसऱ्या फटीतून निघतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल."

"मला शिकवू नका. पेशंट स्वतः सांगतोय ठीक आहे."

"हे खाणवाले आहेत, डॉक्टर! अंगावर डोंगर पडला तरी ठीकच असतात हे!"

उरिओस्ते सिरिंज घ्यायला स्वतः वळले. तेव्हा तिने काय केलं, तर छोट्या टेबलाची कड धरली आणि ते चाकांवरून घरंगळत मागे नेलं, थेट भिंतीपर्यंत. आणि स्वतः त्याच्यापुढे उभी राहिली.

"खोलीबाहेर व्हा," ते म्हणाले.

"होते. पण टेबल घेऊन होते."

मी आडवा. जांघेत नळी, छातीत नळीचं टोक, आणि माझ्या पायांवरून दोन माणसं भांडतायत. त्या क्षणी मला सत्य सांगता आलं असतं, एका शब्दाचं तर काम होतं. मी तरी गप्पच राहिलो. माझे पाय त्या बाईने एकटीने धरून ठेवले होते, मी तर ते सोडून दिले होते.

दाणे हाताशी नाहीत, करणार काय? उरिओस्ते यांनी दात खात रंग सोडला आणि फोटो घेतला.

पडद्यावर एक काळा केस होता. बारीक, वर जाणारा आणि वरून वळून खाली येणारा, आकड्यासारखा. मलासुद्धा दिसला.

मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "नळीतला थोडा रंग या केसात गेला होता. त्यानेच पाय जड झालाय. दाणे... दाणे अजून नाही गेलेत." पुढच्या सिरिंजमध्ये काय होतं ते खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आणखी बारीक नळी मागवली, ती त्या केसाच्या तोंडापलीकडे नेली. पाच वेळा हुकली, सहाव्यांदा गेली. परत फोटो. केस आता वाटेत नव्हता. मग सातुकाने टेबल जागेवर आणलं, हातमोजे बदलले, थेंबाला थेंब भिडवला आणि म्हणाली, "डावा अंगठा." तो दारुड्यासारखा का होईना, पण हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंत धरून संडासापर्यंत चालत गेलो. ती दारात उभी होती.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग घ्या, आता तुमचे," म्हणाली आणि गेली. आभार मानायची सोयही ठेवली नाही.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी, तपासायला गेलो तेव्हा खोलीत वेगळीच नर्स होती. सातुकाला तळघरात पाठवलं होतं, चादरींच्या कोठीत. हुकूम मोडला, चालू कामात साहित्य हलवलं, डॉक्टरांचा अपमान केला. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हीच तर मेख!

मी खाली गेलो. ती घड्या घालत होती.

"रडायला आला असाल तर वर जा. नाहीतर हे टोक धरा."

मी टोक धरलं. दोघांनी मिळून सहा-सात चादरी घडी केल्या. शेवटी मी बोललो, "मी खोटं बोललो म्हणून तुम्ही इथे आहात. मला लाज वाटते."

"तुम्ही खोटं बोलणार हे मला आधीच माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर पहिल्या दिवशी मोजे काढायला लावले."

मग तिचा आवाज बदलला. "येत्या मंगळवारी नेमेसियो आहे टेबलावर. तुमच्याच पाळीतला. माझ्या छोट्या टेबलावर आता फाइली ठेवतात म्हणे. दाण्यांची वाटी पाण्याच्या वाटीला चिकटून." तिने घडी घातलेली चादर परत उलगडली आणि परत घातली. "फाइली!"

शुक्रवारी मी खाणीचे बूट घातले, लोखंडी टाचांचे. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर संचालकांच्या खोलीबाहेर जुना लाकडी बोळ आहे. तिथे उभा राहिलो आणि पाय आपटायला लागलो. वीस वेळा आपटायचे, मग दम लागला की बाकावर बसायचं, श्वास आला की परत वीस. माझी फुप्फुसं म्हणजे फाटकं पोतं, पण पाय खणखणीत होते.

संचालक बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"पाय चालवून बघतोय, साहेब. तुमच्याच इस्पितळातून मिळालेत."

"कुणाविरुद्ध तक्रार आहे?"

"तक्रार कसली? ज्या बाईने दिले ती चादरी मोजतेय. तिला वरपर्यंत आवाज ऐकू जात नाही, म्हणून जरा जोरात आपटतो."

पोलिसांना बोलवीन म्हणाले. मी म्हटलं, बोलवा, आमची जुनी ओळख आहे. शनिवारी माझ्याबरोबर नेमेसियो होता आणि त्याची बायको. सोमवारी आम्ही तेवीस जण होतो. त्यात सात विधवा होत्या, आणि त्यांच्या टाचा तर आमच्याहून भारी. बोळाच्या छताची धूळ खाली पडत होती.

दहा वाजता जिन्यातून चौघांनी एक खुर्ची उचलून आणली. खुर्चीत इलारिओन. मांडीवर घोंगडी, हातात फाशांचा चामडी प्याला. तो प्याला त्याने खुर्चीच्या हातावर दाणदाण आपटायला सुरुवात केली.

"माझे आपटत नाहीत," तो संचालकांना म्हणाला, "म्हणून हा आपटतोय."

आणि त्याने सांगितलं. गढूळ पाणी, वाटी, सिरिंज, सगळं. अकरा वर्षांत त्याला कुणी अधिकाऱ्याने विचारलंच नव्हतं. संचालकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात सातुका तळघरातून वर आली, हातात अर्धी घडी घातलेली चादर तशीच. आधी ती आमच्यावरच बरसली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला तमाशा करायला? आणि तू रे, इलारिओन, थंडीचा बाहेर पडलास?"

"रविवारी हरतेस तेव्हा नाही ओरडत!" तो म्हणाला.

संचालकांनी तिला विचारलं, हा म्हणतो ते खरं का. मला वाटलं, आता ही सांभाळून बोलेल. नोकरी जायची वेळ होती.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी पाहिलं आणि गप्प बसले. लिहून घ्या. शिक्षा करायची तर त्याची करा, ती मला मान्य आहे. पण त्या मंगळवारी मी टेबल ओढलं त्याची नाही. ते मी परत ओढेन. उद्या ओढेन, परवा ओढेन. तुम्ही स्वतः टेबलावर असलात तरी ओढेन. हेही खाली लिहा."

उरिओस्ते दारात उभे होते, कधी आले होते कोण जाणे. संचालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिलं, मग इलारिओनच्या घोंगडीकडे, आणि म्हणाले, "उद्या नऊला नेमेसियो आहे. छोट्या टेबलावरच्या फाइली कुणीतरी उचला." माफी वगैरे काही नाही. सातुकाने चादर माझ्या अंगावर फेकली आणि हात धुवायला निघाली.

नेमेसियो चालतो. मार्केटमध्ये परवाच भेटला, मक्याची गरम आपी पीत उभा होता, उभाच.

सात महिन्यांनी माझ्या दुसऱ्या फुप्फुसातून रक्त आलं. तेच टेबल, तोच गारठा, पायाशी तीच बाई. यावेळी सिरिंज उरिओस्ते जोडत होते. थेंब फुगेपर्यंत थांबले, थेंबाला थेंब भिडला, चार थेंब खाली सांडले. कुणी हसलं नाही. दाणे सुरू झाले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "माएस्त्रो, कसं वाटतंय?"

ठीक हा शब्द जिभेवर आलाच होता. सव्वीस वर्षांची सवय, त्यामागे बापाची. मी तो गिळला.

"उजवा पाय जड वाटतोय, डॉक्टर," मी म्हटलं. "आणि मला भीती वाटतेय."

सातुकाने तोंड उघडलं होतं, पण तिला बोलावं लागलं नाही. डॉक्टरांचा हात आधीच थांबला होता.